बगीचा ताणावर आहे

बाबांचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय करून राह्यली वं?" पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं मी या प्रश्नाला खोटं उत्तर देत होते. "काम करून राह्यली, बाबा," एवढंच म्हणायचे. प्रत्यक्षात मी नागपुरातल्या वसतिगृहाच्या खाटेवर पालथी पडून कादंबरी वाचत असायचे, नाहीतर लॅपटॉपवर सिनेमा किंवा गेम सुरू असायचा. खोटं बोल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण संत्र्याच्या पैशावर शिकायला बाहेर पडलेल्या मुलीनं वेळ रिकामा घालवणं म्हणजे घरच्यांची चोरी करणं, असं माझं मलाच वाटायचं. ते खोटं बोलणं मी कसं सोडलं, हे आज लिहायला बसले आहे.

आमचं घर सावरगावचं. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. १९५६ पर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी, असं आमच्या पिढीपर्यंत चालत आलं आहे. संत्रा मात्र विदर्भातल्या काटोल, नरखेड, वरुडचा तोच आमचा. त्याचे रोगही तेच.

मी नववीत असताना आमच्या बगीच्यातल्या झाडांच्या बुडख्यातून डिंक पाझरायला लागला. साल काळी पडली, पानं पिवळी झाली आणि दोन वर्षांत एकेचाळीस झाडं वाळली. बाबांनी ती स्वतःच्या हातानं तोडली. डिंक्या रोग, लोक म्हणायचे. तो फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतो, हे मला एम.एस्सी.ला कळलं. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये ठेवलेल्या या नावाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारा. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला तो नाही. त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ओल्या मातीतल्या पाण्यात ते चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणून तर झाडाच्या बुंध्याला पाणी लागू देऊ नये, दुहेरी आळं करावं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावं, असं सांगतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे प्रमाण मला आता झोपेतही सांगता येईल. एकेचाळीस झाडं वाळली तेव्हा आमच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं.

माझं संशोधन याच सूक्ष्म जीवावर आहे. बगीच्यांमधून मुळांजवळची माती आणायची, ती पाण्यात कालवायची आणि त्या पाण्यावर संत्र्याच्या पानाचे बारीक तुकडे तरंगत सोडायचे. मातीत फायटोफ्थोरा असेल तर तो पोहत येऊन पानाच्या कडेला धरतो. एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी, तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कडेवर लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या दिसतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माझे हात थरथरले होते. आमची एकेचाळीस झाडं खाणारा मला समोर दिसत होता.

या कामात सगळ्यात मोठा भाग वाट पाहण्याचा आहे. पानाचे तुकडे सोडल्यावर दोन-तीन दिवस थांबायचं. मग प्लेटवर वाढायला ठेवायचं, पुन्हा थांबायचं. मग शुद्ध कल्चर करायचं, आणखी आठवडा. घाई केली तर हाती काही लागत नाही. त्या वेळात वाचन, टिपणं, लेखन होतंच, पण माणूस दिवसाचे चौदा तास संदर्भ वाचू शकत नाही. उरलेल्या वेळात मी तीन गोष्टी केल्या. त्यांची आता मला लाज वाटत नाही.

पहिली गोष्ट पुस्तकं. हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलीला मराठी वाचता येतं, कारण लिपी एकच. पण वाचायला लागलं की कळतं, आपण मराठी फक्त कानानं शिकलो आहोत. ‘ळ’ हे अक्षर आमच्या शाळेच्या पुस्तकांत नव्हतं. घरी दिवसातून शंभर वेळा तोंडात असणारं अक्षर कागदावर पाहून मला बाविसाव्या वर्षी नवल वाटलं. नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ मिळाली. ती १९६३ मध्ये आली, तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो, वडिलांचा पैसा आणि स्वतःचा वेळ खर्चत राहतो आणि शेवटी पदवीशिवाय गावी परततो. मी ती दोन रात्रींत वाचली. माझ्या पोटात जी भीती होती, वडिलांचा पैसा आणि वाया जाणारा वेळ, तीच साठ वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या खरेपणानं लिहून ठेवली होती.

मग उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचली, १९६० ची. कौतिक नावाची बाई आपला संसार ओढते, ओढत राहते. पण मला धक्का बसला तो तिच्या बोलण्यानं. ती माझ्या आजीसारखी बोलत होती. ‘मले’ आणि ‘तुले’ छापलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत हिंदी शुद्ध बोला म्हणत, नागपुरात मराठी शुद्ध बोल म्हणत. आमची बोली मोठ्या कादंबरीची भाषा होऊ शकते, हे कळल्यावर माझ्या अंगात बळ आलं.

त्याचा कामावर परिणाम झाला. मातीचे नमुने घ्यायला मी बगीच्यांत जायचे, तेव्हा शेतकऱ्यांशी अर्धं हिंदी, अर्धं पुस्तकी मराठी बोलायचे. ते ‘हो मॅडम, हो मॅडम’ करून मोकळे व्हायचे. ‘धग’ वाचल्यानंतर मी आमच्याच बोलीत विचारायला लागले, "काका, पाणी बुडाले लागून राह्यलं का?" आणि माणसं बोलायला लागली. कोणत्या वर्षी किती झाडं गेली, रोपं कोणाकडून आणली होती, कलमाचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला होता, सगळं सांगू लागली. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा अर्धा ऐवज या बोलण्यातून आला आहे. ही भाषा मला फावल्या वेळातल्या एका कादंबरीनं परत दिली.

दुसरी गोष्ट सिनेमा. वसतिगृहात आम्ही चौघी एका लॅपटॉपभोवती बसायचो. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला, त्यात रोज पाहिलेलं नागपूर पडद्यावर दिसलं तेव्हा आम्ही ओरडलो होतो. पण ज्या सिनेमानं माझ्या घरात काहीतरी हललं तो ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या स्वतःच्या डोंगरगावात चित्रित केला. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरांत लागला. कापसाच्या शेतकऱ्याची मुलगी सविता, तिला शिकायचं आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे आणि घरात दर थोड्या दिवसांनी पाहुणे तिला पाहायला येतात. पाट, चहा, पोहे, तेच प्रश्न, पुन्हा तेच प्रश्न.

आई तेव्हा डोळे तपासायला नागपूरला आली होती. मी तिला घेऊन गेले. थिएटरात बसून सिनेमा पाहण्याची तिची ती आयुष्यातली तिसरी वेळ. ती पूर्ण वेळ पदराचं टोक हातात धरून बसली होती. बाहेर आल्यावर काही बोलली नाही. ऑटोत बसलो, चौक गेला, पूल गेला, मग म्हणाली, "मले सात जणांनी पाह्यलं होतं. तुया बाबाच्या आधी. कोणालेच नाई सांगितलं आजवर." आणि मग वसतिगृहाच्या फाटकापर्यंत ती सातही घरं तिनं मला एकेक करून सांगितली. कोणी चालून दाखव म्हटलं, कोणी हात पाहिले, कोणी रंगावरून नाही म्हटलं. सव्वीस वर्षं मी तिची मुलगी आहे आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. ती काम करताना अनेक गोष्टी सांगते, पण ही सांगायला तिला तास-दोन तास काही न करता अंधारात बसावं लागलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आमच्या घरात विश्रांतीचा हिशेब कसा आहे. पोळ्याला बैलांना कामाला जुंपत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे मळतात, पोळ्याला धुतात, सजवतात, पुरणपोळी भरवतात. त्या पुरणपोळ्या करायला आई पहाटे चारला उठते. बैलाला वर्षातून एक दिवस आहे. आईला मी तसा दिवस कधी पाहिला नाही. मी वाचत बसले की मला जे अपराधी वाटायचं, ते तिच्या या न थांबण्यातून आलेलं होतं. पण मीही थांबले नाही तर तिला न्याय मिळतो, असं थोडंच आहे? तिलाही थांबता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

तिसरी गोष्ट व्हिडिओ गेम, आणि ती सांगायला सगळ्यात अवघड. मामाच्या घरी लहानपणी टीव्हीला जोडायचा कार्ट्रिजचा गेम होता. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळायला आम्ही भावंडं रांग लावायचो. पण मोठेपणी मैत्रिणी मोबाइलवर बंदुकांचे गेम खेळायच्या, ते मला जमले नाहीत. त्याचं कारण माझ्या गावात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड मारतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा दगड सुरू झाले, अशी कथा सांगतात. आम्ही त्याला खेळच म्हणतो, गोटमारीचा खेळ. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले, लोकांनी दगडच उचलले. माणसं मेलेली आहेत, कायमची अधू झालेली आहेत. आमच्या गल्लीतल्या एकाचा डोळा गेला, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि त्याला उचलून आणताना मी पाहिलं. ज्या चंडीमातेच्या नावानं हा खेळ होतो तिच्यावर माझी श्रद्धा आहे, पण त्या दगडांवर नाही. पडद्यावरच्या माणसाला पुन्हा जीव मिळतो हे मला माहीत आहे, तरी निशाणा धरायला माझा हात धजत नाही.

म्हणून मी शेतीचा गेम निवडला, ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकी तरुणानं तो जवळपास साडेचार वर्षं एकट्यानं तयार केला. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याचं. संगणकशास्त्राची पदवी होती पण नोकरी मिळाली नव्हती, म्हणून हात सुधारावा या विचारानं त्यानं सुरुवात केली. २०१६ मध्ये गेम आला आणि जगभर गाजला. त्यात संत्र्याचं झाड आहे! कलम लावायचं, भोवतालच्या आठ चौकटी मोकळ्या ठेवायच्या, अठ्ठावीस दिवसांत झाड मोठं होतं आणि उन्हाळ्यात रोज एक फळ देतं. पाणी घालावं लागत नाही. रोग पडत नाही.

पुढे, खोटं बोलणं सोडल्यावर, मी बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असा बगीचा मले बी पाह्यजे." आमच्याकडे कलम लावल्यापासून बारावर, म्हणजे फळांवर, यायला पाच वर्षं लागतात. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर हेक्टरी २७७ झाडं बसतात आणि त्यातल्या प्रत्येकाची काळजी वेगळी. त्या गेममधला बगीचा मला का आवडायचा, हे मला तेव्हाच कळलं. त्यात एकही झाड वाळत नव्हतं.

आणि त्याच बगीच्यात मी अडकले होते. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री प्रयोगशाळेची वीज गेली. इनक्युबेटर बंद पडला, पर्यायी सोय सुरूच झाली नाही आणि सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतली हवा भट्टीसारखी होती. फायटोफ्थोराला इतकी उष्णता सोसत नाही. नऊ महिन्यांत जमवलेल्या तेवीस कल्चरपैकी सहाच जिवंत निघाली. मी खोलीवर आले, लॅपटॉप उघडला आणि खेळायला लागले. गेममधला दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो, वर्ष ११२ दिवसांचं. अकरा दिवसांत मी तिथली चार वर्षं संपवली. हिशेब केला तर रोजचे नऊ-दहा तास. जेवायला उठत नव्हते, फोन उचलत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकारही आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं, अशी त्याची लक्षणं दिली आहेत. माझे अकरा दिवस त्यात बसत नाहीत. पण ती वाट कुठे जाते, ते मी पाहिलं.

बाराव्या दिवशी बाबांचा फोन उचलला. "काय करून राह्यली वं?" मी पहिल्यांदा खरं सांगितलं. सगळं सांगितलं, कल्चरचं, गेमचं, आजवरच्या खोट्याचंही. मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "आपला बगीचा बी ताणावर हाय सध्या."

आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, म्हणून बाबा मिरगाचा बार धरतात. त्यासाठी उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्यालाच ताण देणं म्हणतात. पाणी बंद झालं की झाडाची नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांमध्ये साठतं आणि मिरगाचा पाऊस पडला की त्या साठ्यावर फुलं येतात. ताण दिलाच नाही तर झाड हिरवंगार दिसतं, पानंच पानं येतात, पण बार फुटत नाही. नागपुरात आल्यापासून ताण हा शब्द मी एकाच अर्थानं वापरत होते, कामाचा ताण, परीक्षेचा ताण. आमच्या घरात तो शब्द पिढ्यानपिढ्या झाडाच्या विश्रांतीसाठी आहे, हे मी विसरले होते.

"पण बाबा, जास्त झाला तर?" मी विचारलं.

"तर झाड वाळते," ते म्हणाले. "म्हणून रोज पाहा लागते. दुपारी पानानं मान टाकली तर चालते, संध्याकाळी ते उठते. पण सकाळीच मान टाकलेली दिसली, का समजायचं, आता लय झालं. मंग मिरगाची वाट नाई पाहायची. थोडं थोडं पाणी सोडायचं."

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच आहे. रात्रभरात झाडानं गमावलेलं पाणी परत मिळवलं नाही, पहाटेही पान उभं राहिलं नाही, तर मुळांच्या आवाक्यात पाणी उरलेलं नाही. मी हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. स्वतःकडे पाहायला मात्र वापरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच काम केलं. वाचलेल्या सहा कल्चरांची नवी प्लेट केली. त्यानंतरच्या दिवशी दोन नमुन्यांची माती कालवली. थोडं थोडं पाणी. पावसाळ्यात त्याच बगीच्यांतून पुन्हा माती आणली आणि वर्ष संपायच्या आत कल्चरांची संख्या एकोणतीसवर गेली. गेम मी सोडला नाही. शनिवारी संध्याकाळी दोन तास खेळते. सिनेमा महिन्यातून दोनदा पाहते आणि पुस्तक रोज झोपण्याआधी वाचते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जावंसं वाटतं का, एवढं एकच मी पाहते. वाटलं, तर आदल्या रात्रीच्या वेळेचा मी कोणाला हिशेब देत नाही. वाटलं नाही, तर पुस्तक असो की पडदा, तो त्या दिवशी बंद.

आई आता दुपारी जेवणानंतर तासभर आडवी पडते. मीच तिच्या मागे लागले. सुरुवातीला दारात कोणी आलं की दचकून उठायची, आता उठत नाही. तिच्यासाठी मी मोठ्या अक्षरांची मराठी पुस्तकं नेते. ती हळूहळू वाचते, ‘ळ’वर बोट ठेवून.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. तुमच्या घरातलं शिकणारं लेकरू पुस्तकात, सिनेमात, खेळात रमलेलं दिसलं, तर वेळ वाया चालला असं लगेच म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तोंडाकडे पाहा. ताजं दिसलं, तर त्याला त्याच्या वेळेवर सोडा. सकाळीच मान टाकलेली दिसली, तर रागावू नका, जवळ बसा आणि काय झालं ते विचारा. आणि घरातल्या बाईलाही विचारा, तिचा बगीचा शेवटचा ताणावर कधी होता.